ध्वनिमुद्रित गिटारच्या नादाची घरगुती पुनर्निर्मिती : अंकीय अ‍ॅम्प-प्रतिरूपणाचे शास्त्र आणि पिंपरी-चिंचवड–चाकण परिसर

सारांश : ध्वनिमुद्रिकेत ऐकलेला इलेक्ट्रिक गिटारचा विशिष्ट नाद घरच्या घरी, शेजाऱ्यास ऐकू न जाईल अशा पातळीवर, अंकीय साधनांच्या साहाय्याने कसा उभा करता येतो याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचे अरेषीय वर्तन, स्पीकरपेटीचा आवेग-प्रतिसाद, प्रतिरूपणाच्या प्रचलित पद्धती आणि हिंदी चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रणातील विशेष अडचणी यांचा विचार येथे येतो. पदार्थविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स, संगीत व विधी या विषयांच्या प्राध्यापकांस हा विषय समान भूमी पुरवू शकेल, अशी लेखकाची धारणा आहे.

बीजशब्द : नादाची जाती, अ‍ॅम्प-प्रतिरूपण, अरेषीयता, आवेग-प्रतिसाद, चित्रपटसंगीत, वादकांचे हक्क.

प्रस्तावना

आपल्याकडील संगीतशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत नादाची तीन लक्षणे सांगितलेली असतात : लहानमोठेपणा, उच्चनीचता आणि जाती. पहिली दोन मोजता येतात आणि लिहिताही येतात. तिसऱ्या लक्षणास, म्हणजे जातीस, भातखंडे पद्धतीत काय किंवा पाश्चात्त्य स्वरलेखनात काय, स्वतंत्र चिन्ह नाही. एकच षड्ज सनईवर आणि सारंगीवर वेगळा का ऐकू येतो याचे उत्तर स्वरलिपीत सापडत नाही. ते वाद्यात, वादकाच्या हातात आणि ऐकण्याच्या जागेत सापडते.

इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत ही जातीच पुष्कळदा वादनाचा गाभा ठरते. गिटारवादक ज्यास 'टोन' म्हणतात तो हाच. एखाद्या गीताच्या आरंभीचे चार स्वर कोणीही विद्यार्थी आठवड्याभरात बसवू शकतो. परंतु ते वाजवल्यावर 'तसे' वाटत नाहीत आणि तेथूनच त्याचा खरा शोध सुरू होतो. हा शोध एके काळी महागडी यंत्रसामग्री आणि मोकळी जागा असणाऱ्यांपुरता मर्यादित होता. गेल्या तीस वर्षांत अंकीय संकेत-प्रक्रियेने ती मर्यादा बरीच दूर सारली आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न विशेष स्वरूपात उभा राहतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, १९८२ मध्ये येथे महानगरपालिका झाली आणि २००९ च्या सुमारास चाकणमध्ये मोठे मोटारनिर्मिती प्रकल्प सुरू झाले. या साऱ्या वाढीतून जी वस्ती तयार झाली ती मुख्यतः सदनिकांची व चाळवजा खोल्यांची आहे आणि तिचे घड्याळ तीन पाळ्यांवर चालते. आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी कोणी ना कोणी रात्रपाळी करून दिवसा झोपलेले असते. अशा घरात मोठ्या आवाजाच्या वाद्याचा रियाज कोणत्या वेळी करावा?

आवाजाचे गणित

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी क्षेत्रातील परिसर-ध्वनीची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल आहे. 'रात्र' म्हणजे दहा ते सहा. गिटारसाठी वापरले जाणारे बारा इंची स्पीकर फार कार्यक्षम असतात. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर ते साधारण ९७ ते १०० डेसिबल आवाज करतात. शक्ती दुप्पट केली की तीन डेसिबलची भर पडते. म्हणजे वीस वॅटचा लहानसा अ‍ॅम्पसुद्धा पूर्ण क्षमतेने चालवल्यास ११० डेसिबलच्या आसपास पोहोचतो. भिंती आणि अंतर यांनी यातील पुष्कळ भाग शोषला गेला तरी शेजारच्या सदनिकेत ४५ ची मर्यादा पाळली जाणे कठीण. शिवाय, नियमांतील 'रात्र' ही घड्याळाची रात्र आहे. पाळीत काम करणाऱ्या गावात दुपारी दोन वाजतासुद्धा कोणाची तरी मध्यरात्र असते. त्या माणसाच्या झोपेस कायद्याचे संरक्षण अपुरे आहे, हे येथे जाता जाता नोंदवणे आवश्यक वाटते.

यावर 'अ‍ॅम्पचा आवाज कमी ठेवावा' हा सल्ला तर्कशुद्ध दिसला तरी उपयोगाचा नाही. ज्या नादाच्या शोधात वादक असतो तो नाद अ‍ॅम्प त्याच्या मर्यादेपाशी ताणला गेल्यावरच निर्माण होतो. आवाज कमी केला की ताण जातो आणि ताणाबरोबर तो नादही.

बिघाडातून जन्मलेला नाद

व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात नलिका. तिच्यातून जाणारा विद्युत्-संकेत लहान असेल तोवर बाहेर पडणारा संकेत त्याच्या सम प्रमाणात मोठा होतो. संकेत वाढत गेला की नलिकेची क्षमता संपू लागते आणि तरंगाची शिखरे दबली जातात. या दबण्यामुळे मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे नवे संनादी स्वर उत्पन्न होतात. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा दोष आहे. १९५० च्या दशकातील अ‍ॅम्प-निर्मात्यांनीही तो दोषच मानला होता. वादकांनी मात्र तो उचलून धरला.

आपल्या पट्ट्यातील विद्यार्थ्यास हे दुचाकीच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरवरून चटकन समजते. स्प्रिंग दबते तोवर बल आणि दाब यांचे प्रमाण सरळ असते. मोठ्या खड्ड्यात स्प्रिंग तळाला टेकते. तळाशी रबरी अडथळा असेल तर धक्का क्रमाने वाढत जातो; लोखंडावर लोखंड आदळले तर खाडकन आवाज होतो. व्हॉल्व्हची मर्यादा पुष्कळशी रबरासारखी आहे, साध्या ट्रान्झिस्टर मंडलाची लोखंडासारखी. दोन्ही ठिकाणी संनादी स्वर निर्माण होतात. पण कोणते, किती आणि वादकाच्या आघाताबरोबर किती हळुवारपणे, यात फरक पडतो.

हाच विचार आपल्या परंपरेत अपरिचित नाही. मिरजेच्या सतारमेकरांनी पिढ्यान् पिढ्या जोपासलेली 'जवारी काढण्याची' कला म्हणजे नियंत्रित अरेषीयताच होय. तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित वक्र पृष्ठभागावर टेकत-सुटत राहते, जिव्याच्या दोऱ्याने ती टेकण्याची जागा ठरते आणि साध्या तारेच्या नियमांनुसार जे संनादी स्वर क्षीण असावयास हवेत ते उजळून निघतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात या घोडीच्या वैशिष्ट्याकडे लक्ष वेधले होते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एवढ्या नाजूक वाद्याची इलेक्ट्रॉनिक प्रतिकृती १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरमध्ये तयार झाली, तेव्हा 'यात जवारी नाही' हाच आक्षेप घेण्यात आला. आज ती पेटी घरोघरी रियाजास साथ करते आणि मैफलीत मात्र बहुतेक गायक खऱ्या जोडीचा आग्रह धरतात. गिटार-अ‍ॅम्पच्या प्रतिरूपांची कथा याहून फारशी निराळी नाही.

अ‍ॅम्पच्या अस्सलपणाविषयी बोलताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लंडनमधील मार्शल कंपनीचा १९६० च्या दशकारंभीचा पहिला प्रसिद्ध अ‍ॅम्प हा अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या 'बासमन' या अ‍ॅम्पच्या मंडलावरून बेतलेला होता. व्हॉक्स कंपनीच्या 'ए.सी. ३०' मध्ये असलेली ई.एल. ८४ ही नलिका मुळात घरगुती रेडिओंसाठी व तत्सम संचांसाठी घडवलेली होती. भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून बंगळूर येथे रेडिओच्या नलिका बनवावयास प्रारंभ केला. म्हणजे ज्या कुळातील नलिकांनी आपल्या आजोबांना आकाशवाणी ऐकवली त्याच कुळाने रॉक संगीताचा नाद घडवला. ज्यास आज मूळ म्हणून पूजले जाते तेही कशाची तरी प्रत होते.

संकेताचा प्रवास

ध्वनिमुद्रिकेत ऐकू येणारा नाद हा केवळ अ‍ॅम्पचा नसतो. तारेचे कंपन पिकअपमध्ये विद्युत्-संकेतात रूपांतरित होते. पिकअप हे तारेचे हजारो वेढे असलेले वेटोळे असल्याने त्याचे प्रवर्तकत्व मोठे असते. जोडणीच्या केबलची धारिता, साधारणपणे दर मीटरला शंभर पिकोफॅरडच्या घरात, त्यास मिळाली की दोन ते पाच हजार हर्ट्झच्या दरम्यान एक अनुनाद तयार होतो. गिटारचा 'चकाकणारा' भाग हाच. म्हणून गिटार जोडावयाच्या उपकरणाचा प्रवेश-रोध दहा लाख ओहमच्या आसपास असावा लागतो. संगणकाच्या मायक्रोफोन-खाचेत थेट गिटार खुपसली की तो अनुनाद दबून जातो आणि पुढे कितीही उत्तम प्रतिरूप वापरले तरी नाद मलूल राहतो. नवशिक्यांची निम्मी निराशा येथेच उगम पावते, असे विद्यार्थ्यांचे प्रकल्प पाहताना वारंवार जाणवते.

त्यापुढे नलिका, स्वर-नियंत्रणाचे मंडल, शक्ती-नलिका, रोहित्र, स्पीकर, त्याची पेटी, समोरचा मायक्रोफोन, खोली, ध्वनिमुद्रण-फीत. यांपैकी स्पीकर आणि मायक्रोफोन या दोन टप्प्यांकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि परिणाम सर्वांत अधिक त्यांचाच असतो. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरील भाग वेगाने गाळून टाकतो. हा गाळ काढला नाही तर ताणलेल्या अ‍ॅम्पचा संकेत डबीत अडकलेल्या माशीसारखा ऐकू येतो. मायक्रोफोन स्पीकरच्या मध्यबिंदूसमोर ठेवल्यास नाद तीक्ष्ण होतो, दोन-तीन बोटे कडेला सरकवल्यास गोल होतो. ध्वनिमुद्रकाचे हे सरकवणे अ‍ॅम्पच्या अनेक खटक्यांहून प्रभावी असते.

प्रतिरूप कसे घडते

स्पीकर, पेटी, मायक्रोफोन आणि खोली यांचा एकत्रित परिणाम बऱ्याच अंशी रेषीय मानता येतो. रेषीय व्यवस्थेची पूर्ण ओळख तिच्या आवेग-प्रतिसादाने होते : अत्यल्प काळाचा एक धक्का द्यावा आणि व्यवस्था त्यास कसे उत्तर देते ते नोंदवावे. वाहन-उद्योगातील कंपन-चाचणी करणाऱ्या अभियंत्यास यात नवीन काही नाही. मोटारीच्या सांगाड्यावर बलमापक हातोडीने टकटक करून त्वरणमापकाने कंपने नोंदवणे ही त्याची नित्याची चाचणी आहे. स्पीकरच्या बाबतीत प्रत्यक्ष धक्क्याऐवजी बहुधा खालपासून वरपर्यंत चढत जाणारा स्वर वाजवून गणिताने आवेग-प्रतिसाद काढला जातो. ४८,००० नमुने दर सेकंदास या गतीने घेतलेले २,०४८ नमुने म्हणजे अवघे ४३ मिलिसेकंद. पण तेवढ्यात एका विशिष्ट पेटीची, तिच्यासमोरच्या मायक्रोफोनची आणि त्याच्या जागेची छाप साठवली जाते. पुढे कोणताही संकेत या नमुन्यांशी संवलित केला की तो त्या पेटीतून आल्यासारखा भासतो.

अ‍ॅम्प मात्र अरेषीय आहे. हळू वाजवल्यास एक उत्तर, जोरात वाजवल्यास दुसरे. एकाच आवेगाने त्याची ओळख पटत नाही. येथे तीन मार्ग चोखाळले गेले आहेत. पहिला, मंडलातील प्रत्येक रोधक, धारित्र व नलिका यांची समीकरणे मांडून ती क्षणोक्षणी सोडवण्याचा. हा मार्ग प्रामाणिक पण गणनेस जड. मात्र त्यात खटका फिरवला की समीकरणातील मूल्य बदलते आणि प्रतिरूप योग्य रीतीने प्रतिसाद देते. दुसरा मार्ग, मंडलात न डोकावता 'गाळणी – अरेषीय टप्पा – गाळणी' अशी साधी रचना गृहीत धरून मोजमापांवरून तिची मूल्ये ठरवण्याचा. तिसरा मार्ग अलीकडचा, चेताजालाचा. सुमारे तीन मिनिटांचा एक ठरावीक संकेत खऱ्या अ‍ॅम्पमधून पाठवतात. आत गेलेला व बाहेर आलेला असे दोन्ही संकेत जालास देतात आणि दोहोंतील नाते ते स्वतः शिकते. २०१६ मध्ये मुख्यतः मानवी वाणीच्या निर्मितीसाठी मांडली गेलेली 'वेव्हनेट' ही रचना येथेही उपयोगी ठरली. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी विकसित केलेले 'न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर' हे या पद्धतीचे मुक्त व विनामूल्य सॉफ्टवेअर आहे, आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व कोणत्याही बाजारी यंत्राहून मोठे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या तिसऱ्या मार्गाची मर्यादा अशी की ते एका क्षणीचे छायाचित्र असते. ज्या स्थितीत खटके ठेवून मोजणी केली ती स्थिती हुबेहूब मिळते. खटका फिरवल्यावर काय झाले असते हे छायाचित्रास ठाऊक नसते.

इतिहास थोडक्यात असा. १९८२ मध्ये टॉम शोल्झ यांचा 'रॉकमन' हा कानयंत्राने ऐकावयाचा छोटा अ‍ॅम्प आला आणि १९८९ मध्ये 'सॅन्सअ‍ॅम्प'. ही दोन्ही अनुरूप, म्हणजे अंकीय नसलेली साधने. रोलँडचे 'व्ही.जी. ८' १९९५ चे, लाइन सिक्स कंपनीचा लाल घेवड्याच्या आकाराचा 'पॉड' १९९८ चा, फ्रॅक्टलचे 'अ‍ॅक्स-एफएक्स' २००६ चे, केम्पर यांचा 'प्रोफायलर' २०११ चा.

अंकीय पद्धतीचा एक दोष येथे स्पष्ट करावयास हवा, कारण स्वस्त प्रतिरूपांतील 'कृत्रिमपणा' बऱ्याचदा त्याचाच असतो. सेकंदास ४८,००० नमुने घेतले असता २४,००० हर्ट्झच्या वरचा स्वर दाखवता येत नाही. तो आरशात पडल्यासारखा खाली परततो. ५,००० हर्ट्झच्या स्वरास ताणले असता त्याचा सातवा संनादी ३५,००० वर यावयास हवा. तो १३,००० वर उमटतो. नववा ४५,००० वर यावयास हवा. तो ३,००० वर उमटतो. हे ३,००० मूळ स्वराच्या कोणत्याच पटीत बसत नाही, म्हणून कानास ते बेसूर खरखरीसारखे लागते. उपाय म्हणजे आतील गणना चौपट वा आठपट गतीने करून नंतर नको असलेला भाग गाळणे. पदव्युत्तर वर्गास नमुनाग्रहणाचा सिद्धान्त शिकवताना याहून बोलके उदाहरण दुसरे सुचत नाही. वही मिटून कानांनी पडताळता येते.

विलंबाची भीती मात्र अवास्तव आहे. १२८ नमुन्यांचा साठा ४८,००० च्या गतीस अडीच-पावणेतीन मिलिसेकंदांचा होतो. ध्वनी तेवढ्या वेळात एक मीटरभर अंतर कापतो. जाता-येता सर्व मिळून दहा मिलिसेकंद धरले तरी वादक अ‍ॅम्पपासून साडेतीन मीटरवर उभा असल्यासारखा आहे. व्यासपीठावर तो याहून दूर असतो.

'दम मारो दम' : एका नादाचा माग

पाश्चात्त्य ध्वनिमुद्रिकांच्या नादाविषयी विपुल माहिती उपलब्ध आहे. उदाहरणार्थ, व्हॅन हेलन यांच्या १९७८ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत मार्शल अ‍ॅम्पला विद्युत्-दाब मुद्दाम कमी करून पुरवला होता, हे सर्वज्ञात आहे. (ज्या घरांत संध्याकाळी विजेचा दाब आपोआप उतरतो त्यांना याचे नवल वाटू नये.) आपल्याकडील विद्यार्थ्याच्या कानात बसलेले नाद मात्र हिंदी-मराठी चित्रपटगीतांचे असतात, आणि तेथे प्रश्न निराळा होतो.

'हरे रामा हरे कृष्णा' (१९७१) या चित्रपटातील, राहुल देव बर्मन यांनी संगीत दिलेले 'दम मारो दम' हे गीत घेऊ. यातील गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवली. पुढे गझलगायक म्हणून ख्यातकीर्त झालेले भूपिंदर २०२२ मध्ये निवर्तले. 'यादों की बारात' (१९७३) मधील 'चुरा लिया है तुमने' ची गिटारही त्यांचीच. 'दम मारो दम' चा आरंभ बसवू पाहणारा विद्यार्थी प्रथम काय करतो? तो प्रतिरूपातील विकृतीचा खटका वर नेतो, कारण त्यास एक घन, लांबणारा, धूसर ध्वनी ऐकू आलेला असतो. परंतु त्या धूसरपणाचा मोठा वाटा गिटारचा नाहीच. चरणजित सिंग यांनी या गीतात ट्रान्सिकॉर्ड हे विजेवर चालणारे अ‍ॅकॉर्डियनसदृश वाद्य वाजवले आहे. त्याचा अखंड स्वर गिटारच्या मागे पसरलेला असतो आणि स्मरणात दोन्ही एकजीव होतात. गिटारच्या प्रतिरूपात तो स्वर शोधणे म्हणजे वरणातील मीठ भातात शोधणे होय.

दुसरी गोष्ट, त्या काळच्या मुंबईत वादकांचा ताफा व गायक एकत्र बसून ध्वनिमुद्रण करीत. गिटारच्या अ‍ॅम्पचा आवाज केवळ त्याच्यासमोरच्या मायक्रोफोनने नव्हे, तर शेजारच्या तालवाद्यांच्या व व्हायोलिनांच्या मायक्रोफोनांनीही टिपला जाई. तीन मीटरवरील मायक्रोफोनला तो सुमारे नऊ मिलिसेकंद उशिरा पोहोचे. हे उशिरा आलेले अंश मूळ संकेतात मिसळले की काही कंपनसंख्या वाढतात, काही पुसल्या जातात : केवळ एका मिलिसेकंदाच्या, म्हणजे ३४ सेंटिमीटरच्या, फरकानेसुद्धा ५०० हर्ट्झपाशी खळगा पडतो. म्हणून एकाच मायक्रोफोनाचा स्वच्छ आवेग-प्रतिसाद वापरून हा नाद येत नाही. त्यास दूरवरच्या, थोड्या मंद अशा दुसऱ्या प्रतिसादाची जोड द्यावी लागते.

तिसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. आपण पुनर्निर्मिती नेमकी कशाची करीत आहोत? स्टुडिओतील अ‍ॅम्पची, ध्वनिमुद्रिकेची, की आठवणीची? हे गीत अनेक श्रोत्यांनी प्रथम ऐकले ते मध्यम लहरींच्या रेडिओवर. तेथे दोन केंद्रांमधील अंतर मर्यादित असल्याने श्राव्य भाग साडेचार हजार हर्ट्झच्या आसपास संपतो. पुढे कॅसेट आली, तिच्या प्रतीच्या प्रती निघाल्या. ज्या पिढीच्या कानात तो 'मऊ' नाद बसला आहे तिच्या दृष्टीने गाळणी लावलेले प्रतिरूप अधिक अस्सल ठरते. आज स्वच्छ अंकीय प्रत ऐकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तीच पुनर्निर्मिती मळकट. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि यातील कोणता नाद हवा हे विद्यार्थ्याने काम सुरू करण्यापूर्वीच लिहून ठेवावे, असा आग्रह धरणे उपयुक्त ठरते. संगणकाने गीतातील वाद्ये वेगळी करणारी २०१९ मधील 'स्प्लीटर' सारखी साधने या कामी थोडी मदत करतात. परंतु त्यांच्या खान्यांत 'ड्रम' आहे, तबला वा ढोलक नाही. आणि गिटार 'इतर' या खान्यात पडते.

घरी करावयाचे काम

अनुक्रमास येथे महत्त्व आहे. आधी मूळ गीताची पट्टी तपासावी. जुन्या ध्वनिमुद्रिका ४४० हर्ट्झच्या मानकाशी नेहमीच जुळत नाहीत आणि गिटार सर्व गीताशी किंचित विसंगत लागली तर नादाची तुलना व्यर्थ होते. नंतर पिकअपची निवड, तारांची जाडी, वाजवण्याची जागा आणि नखी की बोट. यांतील बदल कोणतेही प्रतिरूप मागाहून भरून काढत नाही. मग पेटीचा प्रतिसाद निवडावा. विकृतीचा खटका सर्वांत शेवटी, आणि वाटते त्याच्या निम्म्यापर्यंतच. ध्वनिमुद्रिकेतील जाडपणा पुष्कळदा एकच ओळ दोनदा वाजवून मिळवलेला असतो. तो खटक्यात नसतो.

मंद्र भागाविषयीही असेच. मिश्रणात बास गिटार व तालवाद्ये खालचा पट्टा व्यापतात, म्हणून गिटारचा तो भाग ध्वनिमुद्रक कापून टाकतो. एकटी ऐकल्यास अशी गिटार कृश वाटते आणि विद्यार्थी तिला पुष्ट करू लागतो. मग गीताबरोबर वाजवताच ती सर्वांवर चढते. तुलना नेहमी पूर्ण गीताबरोबर करावी. ती एकाच आवाज-पातळीवर करावी, हे तर अधिकच आवश्यक. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की कमी आवाजात मानवी कानास मंद्र भाग, आणि काही अंशी अतितार भागही, क्षीण ऐकू येतो. रात्री कानयंत्रावर हळू आवाजात 'पूर्ण' वाटणारा नाद चिंचवडच्या प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहासारख्या सभागृहात घुमू लागतो तो यामुळेच.

आपल्याकडील घरांत आणखी एक शत्रू असतो तो म्हणजे विजेची गुणगुण. ५० हर्ट्झचा पुरवठा, त्याचे १०० व १५० वरील संनादी आणि एका वेटोळ्याचे पिकअप यांचे जमते छान. प्रतिरूप या गुणगुणीस संगीत समजून इमाने-इतबारे ताणते. घरातील तीन-पिनी खाचेस अर्थिंग खरोखर आहे का हे तपासून घ्यावे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते गिटारहून कितीतरी महत्त्वाचे आहे.

नक्कल आणि हक्क

दुसऱ्याच्या नादाची नक्कल करणे कितपत उचित, हा प्रश्न सहकारी प्राध्यापकांकडून हमखास येतो. भारतीय प्रतिलिप्यधिकार कायदा, १९५७ हा संगीतकृतीस आणि ध्वनिमुद्रणास संरक्षण देतो. केवळ नादाच्या जातीस त्यात स्वतंत्र स्थान नाही. म्हणजे भूपिंदर यांच्या गिटारसारखा नाद घडवण्यास आडकाठी नाही. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा आपल्या कृतीत उचलून वापरणे मात्र वेगळे.

खरी खंत दुसऱ्या बाजूस आहे. वादकांचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने प्रथम मान्य झाले आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते विस्तारले. परंतु त्याच २०१२ च्या दुरुस्तीत असे परंतुक आहे की चित्रपटात ज्याचे सादरीकरण आनुषंगिक स्वरूपाचे आहे आणि व्यवसायाच्या रूढीनुसार ज्याचा श्रेयनामावलीत कोठेही उल्लेख होत नाही, अशा व्यक्तीस, नैतिक हक्कांतील एका कलमापुरते वगळता, 'सादरकर्ता' मानले जाणार नाही. आपल्या चित्रपटसंगीतातील ताफ्याच्या वादकांची नावे तबकड्यांच्या वेष्टनांवर क्वचितच छापली गेली. नाव न छापण्याची रूढी हीच हक्क नाकारण्याची कसोटी व्हावी, हे विधी विभागातील सहकाऱ्यांनी तपासून पाहण्याजोगे आहे. 'कर्ज' (१९८०) मधील, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतातील, प्रत्येकाच्या ओठी असलेली गिटारची धून प्यारेलाल यांचे बंधू गोरख शर्मा यांनी वाजवली, हे ती धून गुणगुणणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल? नादाचा माग काढणारा विद्यार्थी या नावांपर्यंत पोहोचतो तो खटक्यांच्या निमित्ताने.

याच कारणास्तव महाविद्यालयांनी एक काम हाती घ्यावे असे सुचवावेसे वाटते. आपल्या परिसरातील जुन्या वाद्यवृंदांत वाजवलेले गिटारवादक आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांपैकी कित्येकांनी दिवसा कारखान्यात नोकरी करून रात्री कार्यक्रम केले. त्यांना बोलावून त्यांचे वादन दोन प्रकारे एकाच वेळी मुद्रित करावे : एक, त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅम्पसमोर मायक्रोफोन ठेवून, दुसरे, पिकअपमधून निघालेला कोरा संकेत, कोणत्याही प्रक्रियेविना. सोबत तारांची जाडी, पिकअप, अ‍ॅम्पवरील खटक्यांची स्थिती, मायक्रोफोनचे अंतर आणि तारीख यांची नोंद कागदावर करावी. अ‍ॅम्प चालू स्थितीत असल्यास त्याच बैठकीत तीन मिनिटांचा प्रशिक्षण-संकेत त्यातून फिरवून घ्यावा. यासाठी लागते ते एक ध्वनि-इंटरफेस, एक मायक्रोफोन, एक संगणक आणि विनामूल्य सॉफ्टवेअर. कोरा संकेत चोवीस बिटांत, ४८,००० च्या गतीने साठवल्यास तासाभराच्या एकपदरी मुद्रणास सुमारे ५२० मेगाबाइट जागा पुरते.